नोटेशन सॉफ्टवेअर: सूर टाकायला झकास, दुरुस्त करायला ताप (आठ महिन्यांनंतर)

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, म्हणून या सूर लिहायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायला मुद्दाम आठ महिने थांबलो. मी वाद्यवृंदासाठी अरेंजमेंट करतो, दोन व्हायोलिन, बासरी, अल्टो सॅक्स, बेस आणि गाणारे. आधी फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरवर होतो, ऑगस्ट २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं मग सगळ्या फाइली म्युझिकएक्सएमएल (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फॉरमॅट) करून इकडे आणल्या. सूर नीट आले, पानाची मांडणी पार विस्कटली, पण ते धरूनच चाललो होतो.

सूर टाकायला खरंच मजा येते, एक हात मिडी कीबोर्डवर, दुसरा नंबरपॅडवर, अर्ध्या तासात मुखडा उतरतो. रडगाणं त्याच्या पुढे.

मागे रिहर्सलला आमची गायिका म्हणाली, दादा, अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना श्वासच घेता येत नाही, दोन मात्रा द्या ना. म्हटलं देतो की, त्यात काय. मधे २/४ चा एक बार (दोन मात्रांचा खण) घातला आणि पुढच्या बारला परत ४/४ लावायचं विसरलो (माझी चूक, मान्य), तर पुढचे चाळीसेक बार मधोमध कापले गेले आणि जिथे तिथे टाय (तुटलेला सूर जोडणारी कमान). अनडू करून परत नीट घातला, खूश झालो, आणि सॅक्सवाला वाजवताना अडखळला तेव्हा कळलं की पहिल्या एंडिंगचा कंस (फक्त पहिल्या वेळी वाजवायच्या शेवटावरचा) नव्या बारवरही ताणला गेलाय आणि क्रेशेंडो (आवाज हळूहळू वाढवायची खूण) एक बार आधीच सुरू होतोय. माझ्या स्कोअरमध्ये हे बघायचं राहूनच गेलं होतं!

मधे एखादा सूर घुसवायचा तर पुढचे सरकत नाहीत, हा त्यांच्या डोक्यावर बसतो. टाइप करताना प्रत्येक नवीन अक्षरानं पुढचं अक्षर खाल्लं तर चालेल का कुणाला? इन्सर्ट मोड आहे म्हणे, पण त्यात चारचा बार पाच मात्रांचा होऊन बसतो. ट्रिपलेटमधले (दोनाच्या वेळात बसवलेले तीन सूर) दोनच सूर कॉपी करा म्हटलं तर सरळ नकार.

सात मात्रांच्या रूपकासाठी ७/८ घेतलं की नोटांच्या शेपट्या २-२-३ जोडतो, आपल्याला हवं ३-२-२. सेटिंग सापडली, पण ती आधी लिहिलेल्या नोटांना लागतच नाही. देवनागरी शब्द स्क्रीनवर छान दिसतात, पीडीएफ काढली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला, शेवटी फाँट बदलून जमलं. आणि ते कॉन्सर्ट पिचचं बटण (चालू असलं की सगळ्यांना ऐकू येणारा सूरच दिसतो, सॅक्सला मात्र वेगळा लिहिलेला लागतो), एकदा चुकून चालू राहिलं आणि तशाच प्रिंटा काढल्या. आम्ही सी वाजवतोय आणि सॅक्समधून ई फ्लॅट, सगळे माझ्याकडे बघतायत.

तीन स्टार. सोडणार नाहीये, परत सगळ्या फाइली हलवायची ताकद नाही. काल गायिकेनं अजून एक मात्रा मागितली, ती मी सगळ्यांच्या कागदावर पेनानंच लिहून दिली.