होडीच्या फायबरवाल्याकडून मॉडेल क्रूझरचा (युद्धनौकेचा) हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं धड, करून घेतला, त्याचा रिव्ह्यू

वर्कशॉपचं नाव लिहिणार नाही, विचारू नका. पहिल्या खेपेला त्यांनी जे करून दिलं त्याबद्दल मी वाईट बोलणार आहे, दुसऱ्या खेपेला केलं त्याबद्दल चांगलं, आणि तिथला मेस्त (कारागीर) माणूस म्हणून लाखात एक आहे, उगाच त्याच्या धंद्याला का नाट लावा. मांडवीच्या काठाला शेड आहे, मासेमारीच्या फायबर होड्या करतात, फुटलेल्या दुरुस्त करतात, एवढं पुरे.

ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या खऱ्या युद्धनौकांची १:१४४ मापाची रिमोटवरची मॉडेलं करायची, त्यात गॅसवर चालणाऱ्या छोट्या गन बसवायच्या, साडेचार मिमीचे छर्रे मारून एकमेकांची जहाजं खरोखर बुडवायची. अमेरिकेत हे बरीच वर्षं चाललंय. म्हणजे इथे हल शोकेससाठी नसतो, भोकं पडून घ्यायलाच असतो. हलच्या बाजूला खिडक्या कापायच्या, मध्ये बरगड्या ठेवायच्या आणि त्यावर १/३२ इंच म्हणजे पाऊण मिमीच्या आसपास जाडीचा बाल्सा चिकटवायचा, छर्रा आरपार गेला पाहिजे. आम्ही गोव्यात चौघंच आहोत आणि गन अजून कोणीच बसवलेल्या नाहीत, परवान्याचं नीट विचारल्याशिवाय बसवणारही नाही. सध्या नुसते हल आणि आत आलेलं पाणी उपसायचे पंप.

आता जहाज कुठलं घ्यायचं यावरच आमचे दोन महिने गेले. आमच्यातल्या एकाला अफोंसो द अल्बुकर्कच पाहिजे होती, गोंयकार म्हटल्यावर ते आलंच, गोवा मुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, मुरगाव बंदरात आपल्या नौदलाच्या बेतवा आणि बियासशी एकटी भिडलेली पोर्तुगीज फ्रिगेट. मलापण मोह झाला. पण गणित करा. लांबी शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे मॉडेल सत्तर सेंमी, इथपर्यंत ठीक. वजन मात्र घनाने कमी होतं, १४४ गुणिले १४४ गुणिले १४४ म्हणजे जवळजवळ ३० लाख. अठराशे टनांच्या जहाजाला ३० लाखांनी भागलं की हातात सहाशे ग्रॅम राहतात. त्यात हल, मोटर, बॅटरी, सर्व्हो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर), पंप आणि गॅसची बाटली बसवून दाखवा. बेतवा, बियास तर १९६० च्या, त्या नियमातच बसत नाहीत.

शेवटी मी आयएनएस दिल्ली घेतली, तिच्या जुन्या अवतारात, म्हणजे न्यूझीलंडची क्रूझर एचएमएनझेडएस अकिलीस. १९३९ साली रिव्हर प्लेटला जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेशी लढलेली ती हीच, १९४८ मध्ये आपल्याकडे आली आणि १९६१ ला दीवच्या बाजूला होती. एकच बोट दोन्हीकडे! लांबी १६९ मीटर म्हणजे ११७ सेंमी, रुंदी मात्र पावणेबारा सेंमीच, पाण्याखाली चार सेंमी. वजन स्टँडर्ड (इंधन न धरता) घेतलं तर अडीच किलो, फुल लोड सव्वातीनच्या आसपास. चुलतभावाने ग्राफ श्पे धरली, १२९ सेंमी लांब आणि पंधरा रुंद, त्याच्या पोटात हात घालून काम करता येतं, माझ्यात दोन बोटं जातात. माझं ऐकाल तर पहिलं जहाज रुंद घ्या, भावनेच्या भरात लांबुळकं घेऊ नका.

तर वर्कशॉप. प्लग, म्हणजे ज्यावरून साचा काढतात तो नमुना, मी घरी केला, प्लायच्या आडव्या फ्रेम कापून मध्ये थर्माकोल, वर पुट्टी, घासून घासून दंडाचे बारा वाजले. तो टॉवेलात गुंडाळून मेस्ताकडे नेला. त्याने फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "किदें रे हें, चवथीच्या देखाव्याक?" मी म्हटलं, नाही मेस्त, ह्याला भोकं पाडायचीत. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

भाव साडेसहा हजार ठरला, मोल्ड (साचा) धरून. ऐन जुलै. पंधरा दिवस म्हणाला, झाले पस्तीस, आणि चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आल्यावर घाईने मोल्डमधून ओढून काढून हातात दिला. वरून बघाल तर तोंडात बोट घालाल, जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) एकदम आरशासारखा. घरी आणून काट्यावर ठेवला तर १४८० ग्रॅम! रिकामा! अडीच किलोच्या बोटीत दीड किलोचा नुसता हल. मेस्ताने सवयीने ४५० ची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅमची काचेच्या धाग्यांची चटई) तीन थर मारली होती, त्याच्या डोक्यात खडकावर आपटणारी होडी. वर आतून बोट लावलं तर चिकट, पावसाळ्यातल्या दमट हवेत रेझिन नीट सुकलंच नव्हतं, आणि नीट सुकायच्या आत काढल्यामुळे पीळ पडलेला, टेबलावर ठेवला की नाक सरळ आणि शेपूट डावीकडे कललेलं.

भांडायला गेलो होतो, खरं सांगतो. पण चूक अर्धी माझीच होती, मी वजन सांगितलंच नव्हतं, नुसतं "मजबूत करा" म्हटलं होतं. मग सोबत दोन पिशव्या उकडा तांदूळ नेला, शेडमधल्या पाण्याच्या टाकीत हल सोडला आणि मेस्तासमोर त्यात तांदूळ भरत गेलो. एक किलो गेला आणि पाणी रेषेला टेकलं. म्हटलं, आता मोटर, बॅटरी, पंप सगळं ह्या एक किलोत, कसं बसवू सांगा. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटतं कुठल्याही फायबरवाल्याला ग्रॅममध्ये समजावत बसू नका, टाकीत तरंगवून दाखवा.

दुसरा हल नोव्हेंबरात केला, कोरड्या हवेत. जेलकोट नाही, ३०० ची मॅट एक थर, त्यावर २०० चं कापड एक थर, कडेला आणि तळाला फक्त जादा पट्टी. चार दिवस मोल्डमध्येच ठेवायला लावला. वजन ४६० ग्रॅम, पीळ शून्य. पैसे अठ्ठावीसशे घेतले, मोल्ड होताच. जेलकोट नसल्यामुळे बाहेरून मॅटचे धागे दिसतात, बारीक टाचणीएवढी दोन भोकंही होती, पण ती पुट्टीने गेली आणि तसाही बाजूचा बहुतेक भाग कापूनच टाकायचा असतो.

खिडक्या कापायचं काम मात्र मेस्तावर टाकू नका, मी एक खिडकी टाकून बघितली, त्याने ग्राइंडरने कापली आणि बरगडी एका जागी नखाएवढी उरली. घरी छोट्या रोटरी टूलने कापा, मास्क लावून, अंगाला तेल चोपडून, नाहीतर काचेची खाज दोन दिवस झोपू देत नाही. मी दर दोन इंचांना पाव इंचाची बरगडी ठेवली आणि खिडकी पाण्याच्या रेषेखाली इंचभरापर्यंत उतरवली. वरच्या कडेला प्लायची पट्टी आधी चिकटवा आणि मगच कापा. आधी कापलात तर हल ओल्या पुठ्ठ्यासारखा वाकतो, चुलतभावाला विचारा.

लाकडाचा हल, म्हणजे प्लायचा कणा आणि बरगड्या, हाही मार्ग आहे आणि एकच जहाज करायचं असेल तर तो स्वस्त पडतो. पण आपल्याकडे पावसात प्लाय फुगतो, आणि फाटल्यावर नवीन हल परत पहिल्यापासून. मोल्ड असला की एका फोनवर दुसरा.

बाल्सा ऑनलाइन मागवला, दहा शीटपैकी तीन मोडक्या आल्या. आतून पतंगाचा कागद लावून वर लॅकर मारला तर दमट हवेत पन्हाळी होत नाही.

मग तळाचं. हलचा तळ सपाट सोडला तर आत आलेलं पाणी परातीतल्या पाण्यासारखं एका बाजूला पळतं आणि बोट कलंडते, पावणेबारा सेंमीच्या बोटीत तर लगेच. म्हणून दोन्ही बाजू फोमने भरून मधोमध एक चर ठेवली, पाणी तिथून सरळ पंपाकडे. मामाच्या वायंगण (रब्बी भाताच्या) शेताशेजारी गुडघाभर तळं आहे, बुडालेलं हाताने काढता येतं. तिथे रेषेच्या खाली साडेचार मिमीच्या ड्रिलने पाच भोकं पाडली. पंप बंद ठेवला तर दोन-अडीच मिनिटांत शेपूट पाण्यात. नवीन बाल्सा लावून परत तीच पाच भोकं, या वेळी पंप चालू, तर बाजूने कारंजं उडत राहिलं आणि बोट दहा मिनिटांनीपण तरंगत होती. मामा बांधावर उभा राहून म्हणाला, भोकं पाडून पाणी उपसायचं, म्हणजे सरकारी काम.

मार्क द्यायचे तर पहिल्या हलला पाचपैकी दीड, दुसऱ्याला साडेचार, वेळेच्या बाबतीत एक. फोन उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत समक्ष जा. जेलकोट नको, थर किती आणि कुठल्या मॅटचे, मोल्डमध्ये किती दिवस, हे कागदावर लिहून द्या. जून ते सप्टेंबर जाऊच नका. आणि वजनकाटा घरून न्या, त्यांच्याकडचा मासळीचा आहे, पन्नास ग्रॅमच्या खालचं त्याला दिसत नाही.

अफोंसोवाला अजून ऐकत नाही. गेल्या आठवड्यात मेस्ताकडे दिल्लीचा मोल्ड बघायला गेलो तर शेजारीच सत्तर सेंमीचा नवा प्लग घासायला ठेवलेला दिसला.