मोजके उड्डाणहक्क कोणाला द्यावेत: अर्ज, लिलाव, चिठ्ठी की वहिवाट?

दोन देशांच्या करारात रोजची एकच फेरी ठरते आणि मागणारे चौघे असतात. ती कोणाला द्यायची हे ठरवताना आधी एक फरक पक्का करा. उड्डाणहक्क म्हणजे त्या देशात नियमित सेवा चालवण्याची परवानगी. १९४४ च्या शिकागो करारानुसार ती लागतेच. स्लॉट म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याची नेमून दिलेली वेळ. गर्दीच्या विमानतळावर दोन्ही हातात नसतील तर विमान हलत नाही.

माझा कौल अर्ज मागवून तुलना करण्याला. २००७ मध्ये अमेरिकेतून चीनला जाणाऱ्या एका नव्या रोजच्या फेरीसाठी चार कंपन्या चार वेगवेगळी शहरे घेऊन उभ्या राहिल्या. अमेरिकेच्या परिवहन खात्याने युनायटेडची वॉशिंग्टन-बीजिंग सेवा निवडली, दोन राजधान्यांना थेट जोडणारी. या पद्धतीत प्रत्येक कंपनी दुसरीचे दावे उकरून काढते, म्हणून बरेच काही उघड्यावर येते. पण अर्जात दिलेला शब्द पुढे पाळला जातोच असे नाही. डेल्टा या अमेरिकी कंपनीकडे सिएटलहून टोकियोच्या हानेदा विमानतळाला जाण्याचा हक्क होता, तरी हिवाळ्यात ती उड्डाणे मोजकीच करत होती. अमेरिकन एअरलाइन्सने तक्रार केली, २०१५ मध्ये खात्याने जवळपास रोज उडण्याची अट घातली, आणि डेल्टाने हक्क सोडला. तो अमेरिकनच्या लॉस एंजेलिस सेवेला मिळाला. ही अट पहिल्याच दिवशी असती तर तो हक्क हिवाळ्यात फुकट गेला नसता.

लिलावात कागदी घोडे नाचवावे लागत नाहीत आणि पैसा सरकारजमा होतो. चीनने ग्वांगझू विमानतळाच्या काही स्लॉटसाठी तो करून पाहिला. उड्डाणहक्कांसाठी मात्र मला त्याची भीती वाटते. ज्या कंपनीचा आधीच दबदबा आहे तिला प्रतिस्पर्ध्याला बाहेर ठेवण्यासाठीही पैसे मोजणे परवडते. शिवाय करार खुला झाला, म्हणजे कंपन्या आणि फेऱ्यांवरची मर्यादा उठली, की विकत घेतलेल्या हक्काची किंमत उतरते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २००८ पर्यंत अमेरिकेच्या दोनच कंपन्यांना मुभा होती. युरोपशी खुला करार झाला आणि दारे उघडली. अशा जागेसाठी रोख मोजलेली कंपनी तो करार होऊ नये म्हणून जिवाचे रान करणार.

चिठ्ठ्या टाकण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. वशिला चालत नाही, पण लांब पल्ल्याचे विमान आणि वैमानिक नशिबाच्या भरवशावर तयार ठेवता येत नाहीत.

स्लॉटवाटपात जगभर मुख्यतः वहिवाट चालते: हंगामात ८० टक्के वेळा वापरलात तर पुढच्या वर्षी तोच स्लॉट तुमचा. जोडणीच्या उड्डाणांचे वेळापत्रक यामुळेच टिकते. पण स्लॉट राखण्यासाठी रिकामी विमानेही उडतात; २०२० मध्ये महामारीत युरोपला हा नियम थांबवावा लागला. युरोपात उरलेल्या स्लॉटपैकी निम्मे नव्या कंपन्यांसाठी असतात खरे, पण भरलेल्या विमानतळावर उरतात किती?

म्हणून अर्ज मागवा, निकष आधी जाहीर करा, आणि आदेशातच तीन गोष्टी लिहा: सेवा सुरू करण्याची तारीख, वर्षभर किती उड्डाणे हवीत, आणि पहिली कंपनी चुकली तर लगेच उडू शकेल अशा दुसऱ्या कंपनीचे नाव.