कोल्चिसिन ०.५ मि.ग्रॅ.: गाऊटच्या पहिल्या बारा तासांची गोळी

गाऊटमध्ये (युरिक अ‍ॅसिड वाढल्याने होणाऱ्या संधिवातात) रात्रीत पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होतो, चादर लागली तरी जीव कळवळतो. अशा वेळी ही स्वस्त गोळी फार मोलाची, पण लवकर घेतली तरच. युरिक अ‍ॅसिड उतरलं नाही म्हणून अनेकजण तिला नावं ठेवतात. ते तिचं कामच नाही.

रक्तातलं युरिक अ‍ॅसिड ६.८ मि.ग्रॅ./डेसिलिटरच्या वर राहिलं की सांध्यात युरेटचे सुईसारखे स्फटिक साचू लागतात. भक्षक पेशी ते गिळतात, तेव्हा त्यांच्या आत एनएलआरपी-३ हा प्रथिनांचा संच जुळून येतो (हा दुवा २००६ मध्ये उलगडला). संच कॅस्पेस-१ या विकराला (एन्झाइमला) जागं करतो, कॅस्पेस इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा सांगावा कापून तयार करतं, आणि तो सांगावा बाहेर गेला की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची झुंड सांध्यात घुसते. कोल्चिसिन पेशीचा आतला सांगाडा घडवणाऱ्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते. मग संच नीट जुळत नाही, न्यूट्रोफिलांची धावही मंदावते. झुंड आत शिरून दोन दिवस झाल्यावर गोळी फिकी का पडते, ते इथे कळतं.

मात्रा: दोन गोळ्या लगेच, तासाभराने एक. त्या दिवशी एवढंच. जुलाब लागेपर्यंत गोळ्या घेत राहायची जुनी रीत घातक आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण १.८ मि.ग्रॅ.च्या कमी मात्रेने ४.८ मि.ग्रॅ.च्या मोठ्या मात्रेइतकाच आराम दिला. जुलाब मात्र ७७ ऐवजी २३ टक्के रुग्णांना झाले.

खरा दोष एकच, पण गंभीर: उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातलं विष हेच. क्लॅरिथ्रोमायसिन (प्रतिजैविक), केटोकोनाझोल (बुरशीवरचं औषध), सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर कोल्चिसिन शरीरात साठते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांसोबत स्नायू दुखावू शकतात. किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांनी मात्रा ठरवल्याशिवाय पट्टी फोडूच नका. अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा स्टेरॉइड देतात. तेही चालत नसेल तर इंटरल्यूकिन-१ ला थेट अडवणारं अ‍ॅनाकिन्रा, रोज १०० मि.ग्रॅ.चं इंजेक्शन. ते परिणामकारक आहे, पण महाग.

युरिक अ‍ॅसिड उतरवणारं फेबुक्सोस्टॅट किंवा अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करताना मात्र ही गोळी रोज एक, तीन ते सहा महिने सोबत हवी. जुने स्फटिक विरघळताना सुटे होतात आणि तोच सांगावा पुन्हा निघतो. ‘औषधानेच दुखणं वाढलं’ म्हणून लोक उपचार सोडतात ते नेमके या दिवसांत.