वेंगुर्ला रोडवरचा बिनबोर्डाचा इलेक्ट्रिशियन

माझी पिकअप २००९ ची. रताळी, बटाटा, कोबी, जे मिळेल ते भरून आठवड्यातून तीन-चारदा तुरमुरीकडून बेळगावच्या एपीएमसीला जाते. गेले दोन महिने तिच्या डाव्या इंडिकेटरनं मला नुसतं पिडलं. पुढचा बल्ब नीट लुकलुकायचा, मागचा मिणमिणायचा आणि हेडलाइट लावली की तोही गप्प. आणखी एक चमत्कार म्हणजे ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डावा बाण आपोआप मंद पेटायचा. एकदा उचगाव फाट्यावर डावीकडं वळताना एक मोटारसायकलवाला हौद्याला घासूनच गेला. वर मलाच शिव्या. त्याचं तरी काय चुकलं, त्याला इंडिकेटर दिसलाच नव्हता.

शहरातल्या एका दुकानात आधी फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, बदलला. फरक नाही. मग म्हणाले, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच गेलाय. तोही बदलला. मग मागं एलईडी बल्ब टाकले, तर डावा-उजवा दोन्ही इंडिकेटर पिसाळल्यासारखे टिकटिकटिक करायला लागले. २३०० रुपये गेले आणि रोग होता तिथंच.

शेवटी गावातल्या एका ड्रायव्हरनं सुळग्याच्या अलीकडचं एका इलेक्ट्रिशियनचं पत्र्याचं शेड दाखवलं. बोर्ड नाही. बाहेर जुन्या बॅटऱ्यांची उतरंड आणि एक डायनॅमो टेस्ट करायचं बाक, एवढीच खूण. सकाळी नऊला गेलो, गाडीला हात लागला बाराला. बसायला टायर. हा पहिला तोटा आधीच सांगून ठेवतो.

शेडवाले मामा साठीचे असावेत. मी फ्लॅशर, स्विच अशी रामकथा लावली तर मधेच थांबवून म्हणाले, "ते राहू दे पावणं. ब्रेक दाबल्यावर बाण पेटतोय का नाही, तेवढं सांगा." पेटतोय म्हटल्यावर स्क्रू ड्रायव्हरसुद्धा हातात न घेता सरळ गाडीमागं जाऊन उकिडवे बसले. पोऱ्याला म्हणाले, "बल्ब तगी." एलईडी काढून २१ वॅटचे साधे पिवळे बल्ब लावले. फ्लॅशर ठरावीक लोडवर चालतो. एलईडी करंट फारच कमी घेतो, म्हणून फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय, आणि तो घाईनं मारायला लागतो. हे मला पहिल्यांदाच कुणीतरी समजेल असं सांगितलं.

मग मीटर. एक टोक बॅटरीच्या मायनसला लांब वायरनं, दुसरं मागच्या होल्डरच्या अर्थला, म्हणजे चॅसिसला जोडलेल्या वायरला. मला आत बसवून इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक दाबायला लावला. खरं तर तिथं जवळजवळ शून्य यायला पाहिजे. आले साडेचार व्होल्ट! पोऱ्या हसत म्हणाला, "अर्थ इल्ला री." म्हणजे ब्रेकच्या करंटला चॅसिसकडं धड वाट नाही, मग तो उलटा इंडिकेटरच्या बल्बातून पुढं जातोय, म्हणून बाण पेटतोय. मामांनी होल्डरवरून एक सुटी वायर चॅसिसला नुसती टेकवली आणि मागचा दिवा असा लख्ख मारायला लागला की मी गाडीतून उतरून बघायला गेलो.

आता गंमत. हौद्याखाली, डाव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला अर्थचा बोल्ट. त्यावर चकचकीत काळा रंग! पासिंगच्या आधी मीच चॅसिसला रंग मारून घेतला होता. रंगवाल्यानं वायरचं लग, म्हणजे टोकाची कडी, सोडवून खाली-वर मारला आणि तसंच परत आवळलं. वर लाल मातीचा थर, पावसाचं पाणी, गंज. मामांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं पत्रा चांदीसारखा निघेपर्यंत घासला, लग कापून नवीन दाबलं, दातेरी वॉशर घातलं, आवळल्यावर वरून ग्रीस फासलं. वीस मिनिटं. मग इंडिकेटर किती वेळा लुकलुकतो ते मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ८४ वेळा. नियमात ६० ते १२० बसतं.

बिल २५० रुपये, बल्ब धरून. पावती मागितली तर मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच गप्प बसलो. धंद्याची गाडी असलेल्यानं हे लक्षात ठेवावं, कागद मिळणार नाही. फोन तर उचलतच नाहीत. नवीन, कॉम्प्युटरच्या गाड्या घेत नाहीत. माझ्यासमोर एकाला "शोरूमला न्या, मला त्यातलं कळत नाही" म्हणून परत लावलं. मला ते उलट आवडलं.

आधीचे २३०० वाया गेले म्हणून विचारलं, जुना स्विच परत बसवून द्याल का? म्हणाले, "कशाला? नवीन बसलाय तर चालू दे. जुना घरात ठेवा, हा गेला की लागंल." तो आता डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलाय. हॉर्नपण अधूनमधून घसा बसल्यासारखा वाजतोय, पण त्यासाठी परत तीन तास टायरवर बसायचं म्हणजे रताळ्याचा हंगाम उरकल्यावरच.