सहा मित्र, एक आठवडा: श्रीलंका की व्हिएतनाम?

मित्रांचा ग्रुप आधी देश ठरवतो आणि मग सुट्टी शोधतो. हा क्रम उलटा करा. बहुतेक महिन्यांत दोन्ही देशांत सगळीकडे एकाच वेळी पाऊस नसतो. त्यामुळे महिना पक्का झाला की अर्धा निर्णय होतो.

दिवाळीनंतर जाणार असाल तर उत्तर व्हिएतनाम घ्या: हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग. तेव्हा तिथली हवा कोरडी आणि आल्हाददायक असते. मध्य व्हिएतनाममधल्या होइ आनचे फोटो कितीही मोहक दिसोत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे पूर येतात. श्रीलंकेतही या दोन महिन्यांत दुपारनंतरचा पाऊस जवळपास सगळीकडे असतो. नाताळ ते मार्च मात्र श्रीलंकेचा दक्षिण किनारा उत्तम, आणि तेव्हा हनोईत थंडी आणि रिमझिम. मे महिन्यात याच किनाऱ्यावरच्या मिरिसाचा समुद्र खवळतो, म्हणून पूर्वेला त्रिंकोमालीला जा.

दुसरा मुद्दा अंतराचा, आणि बहुतेक ग्रुप इथेच फसतात. हनोई ते हो ची मिन्ह सिटी (म्हणजेच सायगाव) रेल्वेने १,७२६ किलोमीटर, म्हणजे तीस तासांहून जास्त प्रवास. 'हनोई, दा नांग, सायगाव' एका आठवड्यात बसवायचं तर देशांतर्गत दोन विमानं आली. प्रत्येक उड्डाणात अर्धा दिवस जातो, आणि स्वस्त तिकिटावर बहुधा ७ किलोचीच केबिन बॅग चालते. सहापैकी एकाची तरी जड निघणार, आणि काउंटरवर जादा पैसे भरावे लागणार. सात दिवसांत एकच भाग करा; दोन भागांना किमान नऊ-दहा दिवस हवेत.

श्रीलंकेत चालकासह एक व्हॅन पूर्ण सहलीसाठी ठरवली की सगळे एकत्र राहतात. मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर. विमानतळावरून थेट सिगिरिया किंवा कँडी गाठा, कोलंबोत मुक्काम नको. चालकाचं जेवण-राहणं, इंधन आणि पार्किंग दरात धरलंय का, हे लेखी घ्या. कँडी-एला रेल्वेच्या आरक्षणावर सगळा कार्यक्रम टांगून ठेवू नका. गाडी पूर्ण मार्गावर धावते का तेही आधी पाहा. पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'च्या दिवशी, दारू विकायला बंदी असते. पार्टीची रात्र ठरवताना कॅलेंडर बघा.

कागदपत्रांत व्हिएतनामचा ई-व्हिसा जास्त काळजी मागतो. एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर लागतात. एजंटांच्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स जास्त घेतात, म्हणून पत्ता gov.vn ने संपतो का ते तपासा. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर भरा. चूक झाली तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. सहाही अर्ज एकाच माणसाने तपासावेत. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, आधी काढा.

शाकाहारी मंडळी असतील तर व्हिएतनाममध्ये 'चाय' (म्हणजे शाकाहारी) लिहिलेली उपाहारगृहं शोधा, कारण मासळीचा सॉस, 'नुओक माम', साध्या भाजीतही असतो. श्रीलंकेत वरण-भाताच्या जवळचं जेवण मिळतं, पण नारळाच्या 'सांबोल' चटणीत सुक्या मासळीचा चुरा असतो. विचारूनच घ्या.

व्हिएतनाममध्ये स्कूटर भाड्याने घेण्याचा बेत असेल तर तो सोडा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारानुसार असतो, तिथे १९६८ चा चालतो. वैध परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. फिरण्यासाठी 'ग्रॅब' या टॅक्सी ॲपवरून सात आसनी गाडी मागवा.