‘सॉल्व्हंटविरहित ९५ टक्के कर्क्युमिन’: हळदीचा अर्क घेताना आमची झालेली फसवणूक

२५ किलोचा ड्रम. लेबलवर ‘सुपरक्रिटिकल सीओटू पद्धत, सॉल्व्हंटविरहित, कर्क्युमिनॉइड्स ९५ टक्के’. भाव किलोला १,८०० रुपये, पैसे आगाऊ. कॅप्सूल भरणाऱ्या छोट्या युनिटांना असे प्रस्ताव सर्रास येतात. आम्ही घेतला आणि फसलो. ड्रम उघडायचीही गरज नव्हती, लबाडी लेबलवरच लिहिलेली होती.

हळकुंडातून दोन वेगळ्या गोष्टी काढता येतात: तेल आणि पिवळी द्रव्यं, म्हणजे कर्क्युमिनॉइड्स. त्यांतलं मुख्य कर्क्युमिन. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार दाबाच्या वर नेला की तो द्रवासारखा विरघळवू लागतो. हाच ‘सुपरक्रिटिकल सीओटू’. २५०-३०० बारला तो हळदीतलं तेल, म्हणजे मुख्यतः टर्मेरोन, उत्तम ओढून काढतो. कर्क्युमिन मात्र त्यात जवळजवळ विरघळत नाही. सोबत इथेनॉलसारखा सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) सोडला तर थोडं येतं, पण मग ‘सॉल्व्हंटविरहित’ म्हणायची सोय उरत नाही. पाण्याचंही तेच. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ‘फक्त पाण्याने काढलेलं ९५ टक्के’ हा दावा दिसला की तिथेच थांबा.

९५ टक्क्यांची भुकटी प्रत्यक्षात होते ती अशी. हळकुंडं भरड दळतात. फार बारीक दळली की थर घट्ट बसतो आणि सॉल्व्हंट सगळीकडे पोहोचत नाही. त्यावरून अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट किंवा इथेनॉल फिरवतात आणि ते उडवून दाट ओलिओरेझिन (तेल आणि पिवळ्या द्रव्यांचं मिश्रण) मिळवतात. त्यातून कर्क्युमिनॉइड्सचे स्फटिक पाडून, धुऊन तेल काढून टाकतात आणि निर्वातात वाळवतात. म्हणजे सॉल्व्हंट हा गुन्हा नाही, तो किती उरला हा प्रश्न. आंतरराष्ट्रीय औषध-मानकांत अॅसिटोनला ५,००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) मुभा आहे, हेक्झेनला २९० आणि इथिलीन डायक्लोराइडला फक्त ५. शेवटचं स्वस्त पडतं, म्हणून त्याची तपासणी नाव घेऊन मागा.

भावाचं गणितही आम्ही आधी मांडायला हवं होतं. हळदीत ३.५ टक्के कर्क्युमिनॉइड्स धरली, तर १०० किलोत साडेतीन किलो. त्यातली ९० टक्के हाती आली तरी ९५ टक्क्यांची भुकटी भरते सुमारे ३.३ किलो. म्हणजे एका किलोमागे ३० किलो हळद! हळद किलोला १०० रुपये धरली तरी ३,००० रुपये नुसत्या कच्च्या मालाचे. ५ टक्क्यांची हळद वापरली तर २१ किलो पुरते आणि तेल विकून काही पैसे परत येतात. तरीही वीज, सॉल्व्हंट, मजुरी घालून १,८०० रुपयांत हे बसवून दाखवणं कठीण आहे.

विश्लेषण प्रमाणपत्र होतं, ९५.४ टक्के. पद्धतीच्या रकान्यात ‘यूव्ही’. इथेच बहुतेक जण फसतात. यूव्ही यंत्र ४२५ नॅनोमीटरच्या आसपास पिवळेपणा मोजतं, तो हळदीचा आहे की कारखान्यातला, हे त्याला कळत नाही. एचपीएलसी चाचणी घटक वेगळे करून मोजते आणि आलेखात प्रत्येकाचं एक शिखर दाखवते. तिच्यावर अस्सल अर्काची तीन शिखरं दिसतात: कर्क्युमिन साधारण ७० ते ८० टक्के, डेमेथॉक्सीकर्क्युमिन १५ ते २५, बाकी बिसडेमेथॉक्सीकर्क्युमिन. आमच्या मालात ९८ टक्क्यांहून जास्त एकाच शिखरात. म्हणजे व्हॅनिलिनपासून रासायनिक पद्धतीने बनवलेलं कर्क्युमिन. मुख्य रेणू तोच असला तरी प्रक्रियेतली अशुद्धी वेगळी असते, आणि ‘हळदीचा अर्क’ असं आपल्या डबीवर छापलं की खोटं बोलणारे आपणच ठरतो.

एचपीएलसीआधी आपल्या युनिटच्या प्रयोगशाळेत टीएलसी, म्हणजे पट्टीवर घटक वेगळे करणारी सोपी चाचणी, कराच. १० मिलिग्रॅम भुकटी १० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा, सिलिका पट्टीवर ५ मायक्रोलिटरचा ठिपका द्या, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलचं ९५:५ मिश्रण पट्टीवर चढू द्या. काम फ्यूमहूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट). तीन पिवळे ठिपके दिसायला हवेत. एकच दिसला तर माल परत. अर्धा तास लागतो. मात्र थोडा अस्सल माल मिसळून तीन ठिपके दाखवणारेही आहेत. तिथे कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) चाचणीच लागते: खनिज तेलातून आलेल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ नसतो, ताज्या वनस्पतीत असतो.

आणखी एक चूक झाली. आधी आलेला ५० ग्रॅमचा नमुना अस्सल होता, ड्रममधला माल वेगळा. म्हणून नमुना ड्रममधूनच घ्या, वर, मध्ये आणि तळाशी नळी घालून. तिन्हींचे दोन-दोन भाग करून सील करा, सीलवर वाहतूकदाराची सही घ्या. एक संच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला, दुसरा अंधाऱ्या, थंड कपाटात, कारण प्रकाशात कर्क्युमिन खराब होतं आणि तक्रार लढवताना पुरावाच फिका पडतो. प्रमाणपत्रावरचा अहवाल क्रमांक प्रयोगशाळेला स्वतः फोन करून पडताळा, पण पुरवठादाराने दिलेल्या नंबरवर नको. आणि आमच्यासारखे सगळे पैसे आगाऊ देऊ नका: निम्मी रक्कम एचपीएलसीचा अहवाल हातात आल्यावरच द्यायची, हे खरेदी आदेशातच लिहा.