अमेरिकेतल्या वसाहतकालीन जहाजी पावत्या: माल अस्सल, लॅमिनेशन नको

कोल्हापूरच्या महाद्वार रोड परिसरातल्या एका जुन्या नाण्या-नोटांच्या दुकानात सध्या अठराव्या शतकातली अमेरिकन बिल ऑफ लेडिंग आली आहेत. जहाजावर माल चढला की कप्तान सही करून द्यायचा, ती ही पावती. माल अस्सल आहे, पण दर लावताना दुकानदाराचं लक्ष भलतीकडे आहे.

कागद उजेडासमोर धरा. बारीक दाट रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण इंचभर अंतराच्या रेघा दिसतात, म्हणजे तारेच्या साच्यावर हाताने केलेला कागद. छपाईच्या खिळ्यांचा दाब मागून बोटाला लागतो. तपकिरी पडलेली शाई जाड फराट्यांपाशी मागे उतरली आहे. यूव्ही टॉर्चखाली एकही कागद निळा चमकत नाही. चमकला असता तर विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची नक्कल समजायची.

सुरुवातीच्या मोठ्या 'एस' अक्षरात जहाजाचं चित्र असेल तर इथे जास्त पैसे मागतात. चित्र छापील आहे, ते शेकडो कागदांवर असायचं. खरी किंमत हाताने भरलेल्या मजकुराची: जहाज, कप्तान, बंदर, किती पिंपं रम किंवा काकवी, आणि समासातली व्यापाऱ्याची खूण. 'एकमेव प्रत' हा दावाही मानू नका. अशा पावत्या बहुधा तीन निघत, आणि एकीवर माल सोडवला की उरलेल्या रद्द, हे पावतीतच छापलेलं असतं.

1748/9 असं दुहेरी साल दिसलं की दुकानदार खाडाखोड समजून दर कमी करतो. अशी पावती नक्की घ्या! 1752 पूर्वी इंग्रजी अंमलात कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी ते 24 मार्चच्या तारखा अशा लिहीत. उलट 1790 नंतरचे काही कागदही 'वसाहतकालीन' गठ्ठ्यात घातलेत. जुलै 1776 नंतरच्या, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतरच्या, कागदाला तो भाव देऊ नका.

दुकानदार देऊ करतो ते फुकट लॅमिनेशन मात्र हात जोडून नाकारा. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागद न फाडता निघत नाही. मोडी कागद सांभाळणाऱ्यांनी इथे जास्त जपावं: आपली काजळीची शाई कागद खात नाही, ही लोह-मायफळाची शाई आम्लधर्मी असते आणि कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात कागद पोखरते. पॉलिएस्टरचं पाकीट, आम्लरहित पुठ्ठा, बंद डब्यात सिलिका जेल. पीव्हीसी फोल्डर नको, भिंतीवर फ्रेमही नको.

बिलावर दुकानदार नुसतं 'जुना कागद' लिहितो. जहाजाचं नाव, बंदर आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.